अकरा नंबरचा सेल

मुकेशला दुकानात एका जागी बसवत नसे. शहापूरच्या एसटी स्टँडामागे त्याचं बॅटरीचं दुकान होतं. जीपच्या, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायच्या, सेलमध्ये डिस्टिल्ड पाणी भरायचं, गंजलेली टर्मिनलं घासायची. गिऱ्हाईक समोर बोलत असायचं आणि याचा पाय टेबलाखाली हलत असायचा. "मुकेशशेठ, पायाला करंट लागलाय काय?" असं कुणी म्हटलं की तो हसून पाय थांबवायचा. थोड्या वेळाने पाय पुन्हा सुरू.

हे सुरू झालं १९९८ साली. बिलं छापायला म्हणून त्याने एक जुना कॉम्प्युटर घेतला. विकणाऱ्याने सोबत चार-पाच सीड्या दिल्या, त्यांतल्या एकीत पाणबुडीचा गेम होता. पाण्याखाली दबा धरून बसायचं, वरून जाणाऱ्या जहाजाचा आवाज ऐकायचा, आणि बॅटरी संपत आली की वर येऊन इंजिन लावायचं, ती चार्ज करायची आणि पुन्हा खाली जायचं.

बॅटरी हा शब्द दिसला आणि मुकेश खुर्चीतून उठलाच. त्याचे वडील बाळाराम मुंबईच्या गोदीत नोकरीला होते. निवृत्तीच्या आधीची सात वर्षं त्यांनी पाणबुडीच्या बॅटऱ्यांवर काढली होती. लहानपणापासून मुकेशने त्यांच्या सदऱ्यांना अॅसिडची बारीक भोकं पाहिली होती. बोटीच्या पोटातला एकेक सेल जवळजवळ माणसाच्या उंचीचा असतो, वर छत इतकं खाली की फळीवरून रांगतच जायचं, बोटात अंगठी नको, खिशात चिल्लर नको, एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या पुढे विचारलं की बाळारामचं ठरलेलं उत्तर असे, "कागदावर सही केलीय. ते सांगायचं नाय."

मुकेशने त्यांना सापगावच्या घरून दुकानात आणलं, कॉम्प्युटरसमोर बसवलं. बाळारामने वीस मिनिटं पडद्याकडे पाहिलं.

"असं नाय," ते म्हणाले.

"मग कसं असतं?"

"ते सांगायचं नाय." मग थोडं थांबून, "पण बॅटरी म्हंजे काय पाण्याची टाकी हाय? नळ सोडला, सरळ उतरत गेली? तू एवढ्या बॅटऱ्या बघतोस रोज."

खरंच की. हे तर मुकेशलाही माहीत होतं. बॅटरीतून जोरात ओढलं की ती लवकर मान टाकते, जरा बसू दिली की थोडा जीव धरते. आणि एकच सेल कमजोर असला तरी तो बाकीच्यांना घेऊन बुडतो. गेम करणाऱ्यांनी लाटा छान काढल्या होत्या, सूर्याचं पाण्यातलं ऊन काढलं होतं. बॅटरी मात्र नुसती एक हिरवी पट्टी होती, आखूड होत जाणारी.

त्या दिवसापासून मुकेशच्या डोक्यात हेच. असा गेम करायचा ज्यात एकेक सेल वेगळा असेल, आणि तो बघून बाबा म्हणतील, "हां, असंच."

गेम करायचा म्हणजे आधी शिकायला हवं. मुरबाडला संदेश सर म्हणून वैशाखऱ्याचा एक तरुण कॉम्प्युटरचा क्लास चालवत असे. मुकेश दर रविवारी मोटरसायकलवरून शेणव्याच्या रस्त्याने मुरबाडला जायचा आणि कॉलेजच्या पोरापोरींत मागच्या बाकावर बसायचा. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "तुम्हाला शिकून काय करायचंय?"

"पाणबुडी," मुकेश म्हणाला. सगळा वर्ग हसला. पुढे दोन वर्षं पोरं त्याला कॅप्टन म्हणत राहिली.

शहापुरात सायबर कॅफे निघाला तेव्हा त्याला इंटरनेटवर एक पान सापडलं. पाणबुडीच्या खेळांचे जगभरचे वेडे तिथे लिहीत. दर एक-दोन महिन्यांनी तिथे तोच वाद उकरला जाई, की पुढचा पाणबुडीचा गेम आता कोण करणार? मोठ्या कंपन्यांनी हा धंदा सोडत आणला होता. तासन् तास वाट बघण्याचा खेळ आजच्या पोरांना कशाला हवा, असं त्यांचं म्हणणं. कुणी लिही, जर्मनीतले लोक करतील. कुणी म्हणे, आरमारातून निवृत्त झालेले अधिकारीच करू जाणोत. एकाने लिहिलं होतं की यापुढे कंपनी नाही, कुठेतरी घरात बसलेला एखादा वेडा माणूसच हा गेम करील. ते वाचून मुकेशने उत्तराच्या चौकटीत लिहिलं, "मी करतोय." शब्दकोश बघून त्याचं इंग्रजी केलं. मग ते पुसलं आणि उठून बाहेर आला. असं त्याने निदान दहा वेळा केलं असेल.

वर्षं गेली. गेम एक पाऊल पुढे जाई आणि बाबा बघून म्हणत, "असं नाय." काय चुकलं ते सांगत नसत. कधी मान हलवीत, कधी सुईवर बोट ठेवून म्हणत, "ही एवढी पटकन पडंल काय?" मुकेश चिडून पुन्हा कामाला लागे. त्याची बायको पौर्णिमा अंगणवाडीत होती. ती म्हणायची, "सासू छळते ऐकलं होतं. इथं बाप छळतो, तो पण पाणबुडीवरनं."

२००५ साली लोडशेडिंग वाढलं. अकराला गेलेली लाइट चारला यायची. घराघरात इन्व्हर्टर आले आणि मुकेशचं दुकान कधी नव्हे एवढं चालू लागलं. आणि त्याला जाणवलं की आता सगळं गावच पाणबुडीत बसलंय. लाइट आली की वर यायचं, बॅटरी भरून घ्यायची. गेली की पंखा बंद, एकच दिवा, किती वेळ निघेल याचा हिशोब. शेजारीण ओरडायची, "ए, टीव्ही बंद कर गो, बॅटरी बसंल!" मुकेश हे सगळं गेममध्ये घालत गेला. खोलीगणिक दिवे बंद करता येत, पंखे थांबवता येत. बॅटरीचे अठ्ठेचाळीस सेल केले, आठाच्या सहा ओळी. प्रत्येक वेळी गेम सुरू झाला की कॉम्प्युटर त्यांतला एक सेल आपल्या मनाने कमजोर करी. नुसता बघून तो कळत नसे. बॅटरीवर ताण आला की मगच त्याच्या व्होल्टेजचा काटा बाकीच्यांपेक्षा जास्त पडे.

आणि त्याच वर्षी बाळारामला काचबिंदू असल्याचं कळलं. उजवा डोळा गेलेलाच होता. डाव्याबद्दल ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, थेंबांनी वेग कमी होईल, पण गेलेली नजर परत यायची नाही. वर्ष, दीड वर्ष धरा.

मुकेशचा पाय आता झोपेतही हलू लागला. बाबांनी गेम डोळ्यांनी बघून "असंच" म्हणायला हवं होतं. कुणी वाचून दाखवलेलं चालणार नव्हतं.

त्याला वाटलं, एकट्याने हे वेळेत होणार नाही. संदेश सरांची एक विद्यार्थिनी, प्रियांका, अंधेरीला गेम करणाऱ्या एका कंपनीत होती. तिने साहेबांची भेट ठरवली. मुकेश जीप करून गेला, कारण सोबत इन्व्हर्टर होता आणि मोठी बॅटरी होती. ऐन दाखवताना लाइट गेली तर? प्रियांका लिफ्टपाशी आली आणि ती बॅटरी बघून तिने कपाळाला हात लावला.

"काका, हे काय?"

"पाच मिनिटांत जोडतो."

"अहो, इथं लाइट जात नाही."

"कधीच?"

"कधीच नाही, काका."

मुकेशला ते खरं वाटेना. बॅटरी खाली रखवालदाराजवळ ठेवून तो वर गेला, पण सगळा वेळ त्याचं लक्ष दिव्यांकडे होतं. साहेब पंचविशीतले, चांगल्या स्वभावाचे होते. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या पाणबुडी पूर्ण वेगाने सोडली. सातव्या मिनिटाला बॅटरीने मान टाकली आणि बोट तळाला जाऊन बसली.

"आता?"

"आता सगळं बंद करून थांबायचं. थोडा जीव धरते."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

साहेब हसले. म्हणाले, काम मेहनतीचं आहे, काका. बॅटरीची एक पट्टी करा, अर्ध्या मिनिटात भरणारी. जहाजं वाढवा, धडाधड बुडू द्या. मग मोबाइलसाठी आपण करू. तुमचं नाव टाकू.

मुकेश "विचार करतो" म्हणाला आणि खाली आला. जीपमध्ये बॅटरीला टेकून बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की विचार करण्यासारखं काही नाही. पट्टी झाली की बाबा "असं नाय" एवढंही म्हणणार नाहीत. उठून जातील.

बुद्धपौर्णिमेला दुकान बंद होतं. दुपारची लाइट गेलेली. सापगावच्या घरात मुकेशने कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर लावला आणि बाळारामला समोर बसवलं. "बाबा, या वेळी तुमीच चालवा. मी बोलणार नाय."

बाळाराम नाक पडद्याला लागेल इतके जवळ सरकले. त्यांनी बोट हलवलीच नाही. आधी म्हणाले, "वही दे. पेन्सिल." मग एकेका सेलवर बाण नेत ते काट्याचा आकडा वहीत उतरवू लागले. अठ्ठेचाळीस आकडे. मग बोट निम्म्या वेगाने दहा मिनिटं पळवली आणि पळती असतानाच पुन्हा सगळे सेल. मुकेश उभा राहिला, बसला, दारात गेला, आत आला. पौर्णिमा म्हणाली, "अहो, पाय दुखतील. का आमचे डोळे दुखवताय?"

दीड तासाने बाळारामने पेन्सिल ठेवली. "अकरा नंबर गेलेला हाय," ते म्हणाले.

मुकेशने घाईघाईने आतली फाइल उघडली. कॉम्प्युटरने या खेपेला कमजोर केलेला सेल कोणता, ते त्यात लिहिलेलं असे. तिथे चौदा होता.

एक तर गेम खोटा होता, नाही तर बाबांचा उरलेला डोळाही गेला होता. दोन्हींतलं काय विचारावं ते त्याला कळेना.

"दिसतंय ना नीट?" तो हळूच म्हणाला.

"दिसतंय म्हणून तर सांगतो. अकरा."

"बोट ठेवा बघू."

बाळारामने पडद्यावर बोट ठेवलं. दुसरी ओळ, उजवीकडून तिसरा. मुकेशने मोजलं. डावीकडून मोजत आलं तर तो चौदाच होता.

"बाबा, हा अकरा कसा?"

"अरे, पहिली ओळ इकडनं तिकडं रांगत गेलास, आठ झाले. मग तिकडंच हायस ना? दुसरी ओळ तिकडनंच मोजत येणार. नऊ, धा, अकरा. परत रिकामा रांगत येऊन डावीकडनं कोण सुरू करतो? गुडघे काय सरकारनं दिलेत?"

मुकेश खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. आठ वर्षं त्याने सेल कागदावर मोजावे तसे मोजले होते. तिथे माणूस रांगतो, हे त्याला ठाऊक असून त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"हे सांगायचं नाय त्यातलं हाय का?"

बाळारामने जरा विचार केला. "ही आमच्या टोळीची चालायची रीत. रीतीत कसलं गुपित?" मग त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं, एक डोळा मिटून. "बाकी काटा बरोबर पडतो. असाच पडतो. आता त्या बोटीतले दिवे बंद कर, बसू दे तिला."

मुकेशने दिवे बंद केले आणि दोघे चाळीस मिनिटं बोट बसू देत बसले. पौर्णिमाने मध्येच चहा आणला तेव्हा तिला आश्चर्य वाटलं, कारण नवऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर स्थिर होते.

पुढच्या पावसाळ्यात त्याने सेलचे आकडे नागमोडी करून घेतले आणि सायबर कॅफेतून गेम इंटरनेटवरच्या त्या वेड्यांच्या पानावर सगळ्यांसाठी टाकला. अंधेरीला त्याने कळवलं की जमणार नाही. मग लोकांची पत्रं येऊ लागली. बहुतेक तक्रारी होत्या. गेम फार हळू आहे, चित्रं बरी नाहीत, आणि सेलचे आकडे दुसऱ्या ओळीत उलटे पडलेत ती चूक दुरुस्त करा. त्या शेवटच्या तक्रारीने तो पुन्हा अस्वस्थ झाला. प्रत्येकाला शब्दकोश बघून उत्तर देत राहिला, चूक नाही, तसंच आहे.

त्यातच कुठल्यातरी थंड देशातल्या एका म्हाताऱ्याचं दोन ओळींचं पत्र आलं. मुकेशने ते छापून घेतलं आणि घरी आणलं. बाळारामला आता अक्षरं दिसत नव्हती. उजेड आणि माणूस एवढंच दिसायचं.

"काय लिवलंय?"

"विचारतो, हा गेम करणाऱ्यांत बॅटरीवर कोण रांगलंय? कागदासमोर बसून असे आकडे सुचत नाहीत म्हणतो."

बाळाराम गुडघ्यावरून हात फिरवत राहिले.

"मग लिव की," शेवटी ते म्हणाले. "नाव लिव." आणि मुकेश उठलेला कळताच मागून घाईने ओरडले, "बोटीचं नाय रे! माझं."