सशाच्या कानाची शीर

शिरपूरहून धुळ्याला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर मेथीची जुडी होती आणि पदराचं टोक त्या अंगठ्यानं सारखं चोळत होत्या.

"दवाखान्यात का, भाऊ?" माझी फाईल पाहून त्यांनी विचारलं.

"झटका येऊन गेला. हृदय किती खराब झालंय, ते सीटी स्कॅनमध्ये बघणार आहेत." आवाज मी शक्य तितका मर्दानी ठेवला. सकाळी तोच आवाज ऐकून बायको जास्त घाबरली होती.

"आमच्या सशांचाही करतात," त्या म्हणाल्या. एका प्रयोगशाळेत त्या ससे सांभाळत. सशाच्या हृदयाची रक्तवाहिनी बांधून झटका आणायचा, मग कानाच्या शिरेतून औषध सोडून स्कॅन काढायचा. शीर वर यावी म्हणून कान चोळायचं काम त्यांचं. बोटांना तीच सवय लागली होती.

"मेलेला भाग दिसतो त्यात?"

"बठ्ठं दिसस, सगळंच. पण यंत्र खरं सांगतं का, हे पडताळायला नंतर हृदय काढून बघतात. आज एकाचा शेवटचा स्कॅन आहे. मेथी त्याच्यासाठीच."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पण त्यांचं कापून पाहिलं, म्हणून तुमचं न कापता बघता येतं, भाऊ."

त्यांनी जुडीतलं एक पिवळं पान खुडून खिडकीबाहेर टाकलं.

दुपारी मी यंत्रावर आडवा झालो. स्कॅन काढणाऱ्या मुलीला हळूच विचारलं, "यानंतर घरी सोडतात ना?"

ती खूप हसली. मी मात्र ती 'हो' म्हणेपर्यंत श्वास रोखूनच होतो.