विमान घसरलं, गावकी बसली

माझा चुलतभाऊ एका बड्या उद्योजकाच्या खासगी विमानात चहा-नाश्ता द्यायच्या नोकरीला होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आमच्या वाडीत याचं कोण कौतुक! एकदा ते विमान उतरताना धावपट्टी सोडून चिखलात गेलं. जीव सगळ्यांचे वाचले. कॅप्टनला बराच मार लागला आणि भावाचं मनगट मोडलं. तो प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून गावी आला आणि माझ्या डोक्याला ताप झाला, कारण घराण्यात वकील मी एकटीच.

महाडच्या कोर्टात मी बांधाचे, वहिवाटीचे आणि औद्योगिक वसाहतीच्या बसने उडवलेल्या मोटारसायकलींचे दावे चालवते. विमान आजवर फक्त मान वर करून पाहिलेलं. कागद मागवले तर त्यात नुसती टोलवाटोलवी. मालक म्हणे, विमान माझं, पण चालवते दुसरी कंपनी. ती कंपनी म्हणे, चाकं तपासली तिसऱ्याने. तिसरा कॅप्टनकडे बोट दाखवत होता, कॅप्टन धावपट्टीवर साचलेल्या पाण्याकडे आणि विमानतळवाले आभाळाकडे. बांधावरच्या फणसाचं असंच असतं. फणस सगळ्यांचा, पण कौलांवर पडलेली फांदी कोणाचीच नाही.

या सगळ्या गोंधळात अपराध अंगावर घ्यायला एकच माणूस तयार होता, आणि तो माझा अशील होता.

"चूक माझी हाय, ताय," तो म्हणाला.

"विमान तू चालवत होतास?"

"नाय."

"पट्टा लावला नव्हतास?"

"लावलेला. पन निघताना शिवेवर नारळ द्यायचा रव्हला."

आमच्या गावच्या शिवेवर राखणदाराचा दगड आहे. परगावी निघालेला माणूस तिथे नारळ ठेवल्याशिवाय पाऊल पुढे टाकत नाही. भावाने सुट्टी संपवून परतताना तो ठेवला नव्हता, आणि त्याच फेरीत विमान घसरलं. झालं! मी समजावलं, कलमं वाचून दाखवली, शेवटी ओरडले. त्याच्यावर ढिम्म परिणाम नाही. जेवणावरची वासना उडालेली, झोप नाही आणि "माझ्यापायी सगळी मेली असती" हे एकच पालुपद. हे समोरच्या पार्टीला कळलं असतं तर भरपाई सोडाच, मनगटाचा इलाजही आमच्याच गळ्यात पडला असता.

कळलंच. त्यानेच विमान चालवणाऱ्या कंपनीच्या वकिलाला फोन करून सांगितलं, "चूक माझी हाय, लिहून घ्यायला या."

वकील धावत आला. रस्ता संपतो तिथे गाडी सोडून, घामाने थबथबून तो वर पोचला, तेव्हा देवळात गावकी बसली होती. गावच्या माणसाने जबाब द्यायचा तर गावकीपुढे, अशी आमच्याकडची रीत. गावच्या चाकरमान्यांचं मुंबई मंडळ फोनवर हजर होतं. रेंज फक्त घंटेजवळ येते म्हणून फोन घंटेला बांधलेला, आणि बोलणारा प्रत्येक जण देवीकडे पाठ करून घंटेशी बोलत होता. मी पुढे जाऊन बसले तर गावकीचे अध्यक्ष म्हणाले, "तू वकील कोर्टात गो. हितं बायकांत बस." मुकाट्याने मागे गेले, पण तोंड मागे ठेवलं नाही.

"तर अपघाताला चूक तुमची होती?" वकिलाने पेन उघडून मधाळ आवाजात विचारलं.

"व्हय. राखनदाराला नारळ दिला नाय."

पेन थांबलं. "तेवढं राहू दे. 'चूक माझी' इतकंच लिहितो."

अध्यक्ष कडाडले, "अर्धं कसं लिवता? गावकीत बोललेलं सगळं लिवायचं. राखनदार पन लिवा."

"तर मग राखणदाराला प्रतिवादीही करा," मी मागून म्हटलं. "समन्स शिवेवर बजावता येईल. वाट मी दाखवते."

वकिलाने पेन खिशात ठेवलं. असला जबाब मुंबईच्या कोर्टात वाचून दाखवायची त्याची छाती नव्हती. कोकम सरबत पिऊन तो बिचारा उतरणीला लागला. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, पण भाऊ खाली मान घालून तसाच उभा. त्याचा निवाडा अजून व्हायचा होता.

"का नाय दिलास नारळ?" अध्यक्षांनी विचारलं.

"मालकाच्या हापिसातनं फोन आला. आत्ताच्या आत्ता नीघ, विमान उडायचाय. दुकान उघडंस्तवर थांबतो म्हटला, तर नोकरी जाईल म्हनाले."

घंटेतून मुंबई मंडळ खेकसलं, "मग थांबू नाय दिलान कोनी? मालकान! नारळ चुकवलान मालकान!"

"बरोबर हाय," अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. "चूक मालकाची. तुझी नाय रे, पोरा."

नोकराने मालकाच्या हुकमावरून जे केलं त्याला मालक जबाबदार, हेच तर मी इतके दिवस त्याच्या कानीकपाळी ओरडत होते! माझं ऐकलं नाही आणि घंटेचं ऐकलं. खूप राग आला. पण तो देवळाच्या पायरीवर बसून धाय मोकलून रडला, तेव्हा राग कुठल्या कुठे गेला आणि मीही पदर डोळ्यांना लावला.

त्या दिवशी तो पोटभर जेवला. हात धुऊन दाव्याच्या मसुद्यावर सही करायला बसला आणि प्रतिवादींची नावं वाचता वाचता थांबला. सगळ्यात वर मी कॅप्टनला घातलं होतं. कायद्याने ते बरोबरच होतं.

"ताय, त्यो अजून इस्पितळात हाय. फोन केला की म्हनतो, सगळं माझ्यामुळं झालं."

"मग?"

"मला सांगायला गाव होता. त्याला कोन सांगनार, तुझी चूक नाय म्हनून?"

मी पेन घेतलं आणि पहिलं नाव खोडलं.