दाजींच्या हौदातला दगड

दाजींच्या हौदातला दगड मी घासला. हे त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही, आणि गेल्या महिन्यात दाजी गेले.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. नोकरीभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर पैठणहून, जायकवाडीच्या काठावरून, ओल्या पोत्यात गुंडाळलेला एक दगड एसटीनं मांडीवर घेऊन आले. दगडावर हिरवट, खरबरीत थर होता... गोड्या पाण्यातला स्पंज. "झाड नाय, प्राणी हाय," असं ते कंडक्टरलाही सांगून आले होते. त्यांच्या शहरात नळ आठवड्यानं येतो. तिथं परसातला लहान हौद त्यांनी या प्राण्याला देऊन टाकला. ताई वैतागली. दाजी म्हणाले, "नळाला पाणी जायकवाडीचंच की. त्याला माहेरीच असल्यागत वाटंल." मात्र ते पाणी आधी बादलीत शिळं करत आणि औषधाचा वास गेला की मगच हौदात ओतत.

मी पुण्याहून यायचो, उभ्या उभ्या चहा घ्यायचो.

"बसा की पाहुणे! हा बघा, एकदा चिकटला की जागा सोडत नाय. तुमचीच लई पळापळ."

"दाजी, त्याला बायको नाही, साहेब नाही."

"म्हणून तर हिरवागार हाय!"

एका उन्हाळ्यात ताईचे गुडघे फार दुखत होते. बादल्या वाहताना तिच्याकडं बघवेना. दाजी फुलंब्रीला लग्नाला गेले होते आणि ताई पुढं नळावर होती. मी तारेच्या ब्रशनं दगड काळाभोर होईपर्यंत घासला आणि होता तिथं ठेवून दिला. स्पंज मेला की हौद मोकळा होईल, एवढाच हिशेब. संध्याकाळी दाजी हौदाशी उकिडवे बसले.

"गरमीनं गेला असेल," मी म्हणालो.

"नाय हो. मागल्या नळाला मीच गडबड केली. पाणी शिळं व्हायच्या आत ओतलं."

हौद काही त्यांनी सोडला नाही. फटींत त्याचे बारीक दाणे राहतात, सुकले तरी जगतात, असं म्हणत वर्षानुवर्षं पाणी शिळं करून घालत राहिले. आल्यागेल्याला स्वतःची 'चूक' हसत हसत सांगत राहिले. माझ्यासमोरसुद्धा... मी चहा संपवून उठायचो.

तेराव्यानंतर मात्र मी थांबलो. नळ आला तशी ताई म्हणाली, "बाळू, तो दगड काढ आन् हौद घासून घे." तिनं ब्रश हातात दिला आणि मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. ती पदर डोळ्याला लावून हसायलाच लागली. "मला काय सांगतोस? मला तर हौद पाहिजेच होता! ज्यांना सांगायचं त्यांना सांग." ब्रश काढून घेऊन ती आत गेली.

दगडाच्या फटीत नखाएवढं हिरवं दिसतंय. शेवाळ आहे की तो, मला कळत नाही; ओळखणारा माणूस गेला. बादलीत शिळं झालेलं पाणी मी हळूच हौदात सोडलं, चहाचा कप घेऊन काठावर नीट बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "दाजी, तुमच्या पाण्यानं काही झालं नव्हतं. मी घासला होता. माफ करा."