खुंट्याचं शेवटचं षटक

खुंट्या डाव्या हाताने जेवायचा. डावखुरा नव्हता हो. शनिवार-रविवारचे सामने झाले की त्याचा उजवा खांदा असा धरायचा की सोमवारी घास तोंडापर्यंत पोचत नसे. डाव्याने अर्धं सांडायचं, मग त्याची आई, माझी मैत्रीण चंद्री, त्या तिशीच्या घोड्याला भाकरी भरवायची. मी चिडवायची, "लग्न कर रे, आणखी दोन हात मिळतील!" तो म्हणायचा, "काकी, हाय तोच हात घर चालवतो. त्यालाच जपतो."

खोटं नव्हतं ते. भातकापणीपासून पावसापर्यंत टेनिस चेंडूचे सामने, आणि हा त्यातला पगारी गोलंदाज. थळपासून उरणपर्यंत गावोगावचे संघ त्याला न्यायचे. शिकला कुठे, तर आमच्याच वाळवणात. बोंबील वाळत घालायचा बांबूच्या खुंटावर नेम धरून चेंडू मारायचा, नि सगळे बोंबील थरथरायचे. आम्ही बायका शिव्या घालायचो. नाव तिथूनच पडलं.

बळी घेतला तरी तो कधी नाचला नाही. बाद झालेल्याची बॅट उचलून त्याच्या हातात द्यायचा. "त्याची पण आये मोबाईलवर बघत असल," म्हणायचा.

आमच्याकडे खेळाडूला बोलवायचं तर संघाची माणसं नारळ घेऊन दारात येतात. नारळ घेतला की शब्द दिला. पण आमच्या गावाने खुंट्याच्या दारात कधी नारळ नेला नाही. घरच्या माणसाला कसलं आमंत्रण? त्या वर्षी मात्र तो कप्तानाला माझ्यासमोर म्हणाला, "एकदा दारात या, आयेला बरं वाटल." कप्तान हसला, "पालखी पाठवू का रे तुला?"

आठवड्याने खाडीपलीकडचे आले. चंद्रीने त्यांना चहा दिला, खुंट्याने नारळ घेतला.

आणि अंतिम सामना नेमका त्यांचा नि आमचा! शेवटचा चेंडू, दोन धावा हव्या, समोर आमचा कप्तान. मी पदर तोंडात धरून बसले होते. खुंट्याने यष्टी उडवली. मग सवयीने बॅट उचलून पुढे केली. कप्तानाने ती घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. त्या घराशी कुणी बोलायचं नाही. बोलेल त्याचंही घर बंद. खुंट्या एवढंच म्हणाला, "शब्द दिलेला. मुद्दाम वाईट चेंडू कसा टाकू?"

चंद्री आणि मी तीस वर्षं मासळीबाजारात मांडीला मांडी लावून बसलो. आता दोघींत चार हातांचं अंतर. ती आपल्या पापलेटांशी बोलायची, मला ऐकू येईल असं. "आज गुडघा लय दुखतोय गो." मी माशा हाकत राहायची.

चैत्रात ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी घरात कोळंबी सोलत होते. बाहेर खुंट्याचा आवाज आला. "काकी, आये तुला बोलावतेय. उभ्या उभ्या ये." माझ्या नातीचं लग्न वीस दिवसांवर होतं. घर बंद झालं तर मांडवात कोण उभं राहणार? मी हात थांबवला, श्वाससुद्धा थांबवला. त्याने तीनदा हाक मारली आणि गेला.

पहाटे चंद्री गेली. आमच्या आळीची सगळी दारं बंद. खाडीपलीकडची पोरं आली, संघाच्याच भडक बनियनमध्ये. दुसरं काय घालायचं हे सुचलं नसेल त्यांना. त्यांनीच तिला उचललं. खुंट्याने डावा खांदा दिला. मी फटीतून बघितलं.

पावसाळ्यानंतर कुणी तरी पोलिसांत गेलं. त्यासरशी गावाने बंदी उठवली. "झालं गेलं," म्हणाले. तोवर खुंट्याने गोलंदाजी सोडली होती. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवत होता. घराला कुलूप लावायला आला तेव्हा मी गेले, सगळ्यांदेखत गेले. "जेवलास का रे?" विचारलं.

तो चावी फिरवत म्हणाला, "काकी, त्या दुपारी तू घरातच होतीस ना?"

"व्हय रे."

"वाटलंच." चावी खिशात टाकली. "मी आयेला सांगितलं, काकी अलिबागला गेलीय, संध्याकाळच्या एस्टीने येतेय. ती वाट बघत होती."