मायच्या जलदानाची खीर

पोलीस पाटलानं लाथ मारली अन् खिरीचा गंज आंगणात आडवा झाला. माह्या मायच्या जलदानाची, म्हणजे मयतीमागच्या कार्याची खीर होती थे.

"सरकारचा हुकूम हाये. पटकीची साथ हाये, पंगत बंद! काऊन बे, दवंडी तूच देल्ली ना गावात?"

हाव, बापानंच देल्ली होती. बाप गावचा कोतवाल. हलगी वाजवत वरडला होता, जत्रा नाई, पंगत नाई, मयतीले चारच माणसं. अन् मंग आमच्याच घरात मयत झाली. सकाळी हगवण-उलटी लागली, दिवस बुडाले माय खलास. बापानं हुकूम पाळला. चौघांनीच नेली. वस्तीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या राहून रडत होत्या. त्याहीची बाळंतपणं मायनं केली होती, पन तिच्या आंगावर पाणी टाकाले कोनी येऊ शकली नाई. साथ हाये, म्हणून आमी मन घट्ट करून सोसलं.

जलदानाले बी पंगत कशाची? घरचे आमी अन् बुद्धवंदना घेणारे एक म्हातारे. बस. त्याच दिवशी देवळात पाटलाच्या भावाचा भंडारा चालू होता. बुंदीचा वास आमच्या वस्तीपावतर येऊन राह्यला होता. तिथं नाई गेला हुकूम. देवाले साथ लागत नसन!

बाप खाली बसून मातीतली खीर हातानं भरून राह्यला होता. पाटील त्याच तोंडानं म्हणे, "संध्याकाळी मरीमायचा गाडा वढाले ये."

मरीमायचा गाडा म्हणजे लाकडाचा लहानसा. त्यात देवी, हिरव्या बांगड्या, लिंबू. वढत नेऊन पुढच्या गावच्या शिवेत सोडाचा, म्हणजे रोग तिकडं जाते म्हणे. पिढ्यान् पिढ्या आमच्याच लोकायनं वढला. पुढच्या गावात माह्या मोठ्या बहिणीचं सासर.

"येतो मालक," बाप म्हणला. सवयीनं.

"अन् हुकूम?" मी इचारलं.

"थे धरमाचं काम हाये. तुले काय समजते, पोट्टे?"

मी बापाचा हात धरला. खिरीनं चिकट झालेला हात. "नाई येत तो. पोरीच्या दारात पटकी टाकाले तिच्याच बापाले नेता?"

पाटलानं हात उगारला. बाप मधात उभा राह्यला. "पोरीले हात लावाचा नाई. मी येत नाई, जा."

गाडा तसाच राह्यला. बापाची कोतवालकी गेली, गावानं आमाले शेतात कामाले घेनं बंद केलं. मायचं जलदान काई झालं नाई.

साथीचा हुकूम मी आज बी पाळते. सुई टोचाले आले का पहिला दंड माहा. पन जो हुकूम आमच्या चुलीपाशी चालते अन् देवळाच्या पायरीशी हात जोडते, थो मी मानत नाई. आमच्या घरचं कोनी पुन्हा गाडा वढनार नाई. ज्याले आपला रोग दुसऱ्याच्या दारात टाकाचा हाये, त्यानं सोता वढावा.