बंडीवरून तपासणी

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, धाप लागायला लागली तेव्हा आमच्या भरे गावातल्या शेजाऱ्यांनी निदान करून टाकलं: वय झालं. पायांवर सूज आली, तर निदान बदललं: मीठ जास्त होतंय. मी पडलो आयटीतला, भुकूमला फ्लॅटवाला. असल्या अडाणीपणाची मला भारी चीड. मी आबांना डॉक्टरकडं नेलं.

आबांच्या अंगात बारा महिने जाड बंडी, आतल्या खिशात पान-तंबाखूची चंची आणि मोबाइल. डॉक्टर म्हणाले, "काढा." आबा म्हणाले, "चार मान्सांत कशाला?" मला मीटिंगला पळायचं होतं. मीच म्हणालो, "असू द्या डॉक्टर, वरूनच बघा." त्यांनी वरूनच नळी टेकवली, पायांवरची सूज दाबून पाहिली, हृदय थकलंय म्हणाले आणि लघवीच्या गोळ्या दिल्या.

पुढं आबा घरीच राहिले, फिरली ती फाइल. तिचे फोटो मी पुण्यातल्या दोन बड्या डॉक्टरांना मोबाइलवर पाठवले. दोघांनीही गोळ्या वाढवल्या. फाइलची तब्येत उत्तम होती, प्लॅस्टिकच्या कव्हरात. आबांची सूज मात्र उतरायची, पुन्हा चढायची. आणि एक दिवस ते गोठ्यात चक्कर येऊन पडले. तेव्हा माझी तंतरली. आबा हातचे जातात की काय!

पौडला एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही.

"बंडी काढा."

आबा कुरकुरले.

"अहो आजोबा, मी काय तुम्हाला बघायच्या कार्यक्रमाला आलेय का?"

बंडी निघाली. बाईंनी नळी उघड्या छातीवर ठेवली, मग गळ्याशी. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"हृदयाची झडप अरुंद झालीय. रक्त ढकलून ढकलून ते दमलंय. एवढा आवाज येतोय, कुणीच ऐकला नाही?"

मी खिडकीबाहेर बघितलं. टूडी इकोतही तेच निघालं, आणि अजून उशीर झाला असता तर अवघड होतं, असं मोठ्या हॉस्पिटलात ऐकवलं गेलं.

झडप बदलली. आता आबा न थांबता बांधापर्यंत जातात आणि भेटेल त्याला सांगतात, "पोरानं लई धावपळ केली." परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "आबा, पहिल्याच दिवशी बंडी काढली असतीत, तर हे आठ महिने वाचले असते."

आबांनी चंचीची दोरी सोडली. "तू म्हनला असतास तर काडली असती की."