एकोणीसमामा

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाला सगळं कॉलेज एकोणीसमामा म्हणायचं. त्याचं कारण खिडकीजवळच्या ओट्यावर उभं होतं. दीड हात उंचीचं काचेचं नळकांडं, त्यात एरंडेल तेल आणि बाहेरून चढवलेले दोन रबरबँड. वरून छर्‍याएवढी पोलादी गोळी सोडायची, वरच्या रबरबँडपासून खालच्यापर्यंत तिला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यावरून तेल किती दाट ते काढायचं, असा तो प्रयोग.

गोळी आधी वेग घेते. मग तेल तिला असं धरतं की वेग ना वाढतो ना घटतो. पुस्तकात त्याला अंतिम वेग म्हणतात, आणि मामांना हा शब्द मनापासून पटला होता. नोकरीची पहिली दोन वर्षं त्यांनीही धावपळ केली होती. पुढची चोवीस एकाच चालीने गेली. ऑफिसात त्याला 'सेवा समाधानकारक' असं म्हणतात.

प्रयोगाचं उत्तर एकोणीस सेकंद. ते कुणी मोजलं, कधी मोजलं, कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण यंदाची जर्नलं गेल्या वर्षीच्या जर्नलांवरून उतरत. गोळी टाकायचा कंटाळा आला की मुलं मामांना विचारत, आणि मामा टेबल पुसता पुसता 'एकोणीस' म्हणत. हुशार मुलं खरं वाटावं म्हणून अठरा पूर्णांक नऊ दशांश लिहीत. सर सही ठोकत.

चौदा वर्षांपूर्वी नळकांडं धुताना मामांच्या हातून सगळं तेल मोरीत गेलं होतं. नवं मागवायचं तर अर्ज, अर्जात कारण, आणि कारणात आपलं नाव. त्यांनी गुपचूप गॅरेजवाल्या मेहुण्याकडून गाडीच्या गिअरचं ऑइल आणून भरलं. रंग जवळपास तोच, पण गोळी अकरा सेकंदांत खाली येऊ लागली. पहिला आठवडा मामांना घास गोड लागला नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं की जर्नलात अजूनही एकोणीसच येतायत. त्या दिवसापासून ते निर्धास्त झाले, आणि सायन्सवरचा त्यांचा विश्वास उडाला तो उडालाच.

यंदा मात्र दोन गोष्टी एकदम आल्या. शिपायाचा प्रयोगशाळा सहायक करायची त्यांची फाइल, वर्षानुवर्षं पडून राहिलेली, एकदाची वरच्या टेबलावर गेली. आणि त्यांची मुलगी त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आली. प्रॅक्टिकलमध्ये गेली तर वर्ष गेलं, अशी गत. त्यात पोरीला प्रत्येक गोष्ट स्वतः करून बघायची खोड. आदल्या दिवशी मामांनी जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, की गोळीचा प्रयोग आला तर एकोणीस लिहून मोकळी हो. ती म्हणाली, आधी टाकून तर बघते. मामांनी भाजी वाढून घेतली.

चिठ्ठीत तिला नेमका तोच प्रयोग आला. तिने गोळी सहा वेळा टाकली. मामांनी तेवढ्यात एकच टेबल चार वेळा पुसलं. शेवटी पाण्याचा ग्लास द्यायच्या निमित्ताने ते तिच्यामागे गेले आणि पुटपुटले, "एकोणीस."

"बाबा, अकराच येतायत. तुम्ही मोजा हवं तर."

तपासायला बाहेरून आलेले परीक्षक होते. हा प्रयोग आलेल्या पाच मुलांपैकी चौघांचे एकोणीस आणि हिचे अकरा. बाकीचे सगळे चुकले आणि तू एकटी बरोबर का, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं की तिला ते माहीत नाही, तिने फक्त मोजलं. परीक्षकांनी लाल पेन उघडलं, मग ओट्याजवळ उभ्या मामांकडे बघितलं. "मामा, तुम्ही इतकी वर्षं बघताय. किती लागतात हो?"

मुलं हसली. एकोणीस म्हटलं तर पोरीचं वर्ष जाणार, अकरा म्हटलं तर फाइल.

"सर," मामा म्हणाले, "टाकून बघा."

सव्वीस वर्षांत त्या खोलीत हे कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. परीक्षकांनी गोळी टाकली. अकरा. पुन्हा टाकली. अकरा. मग त्यांनी नळकांड्याला नाक लावलं. "हे एरंडेलच आहे ना?"

"नाही सर. गिअरचं ऑइल आहे. मीच ओतलंय, चौदा वर्षं झाली."

मुलीने बापाकडे पाहिलं. मामांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

प्राचार्यांच्या खोलीत अर्धा तास खल झाला. अकरा खरे धरावेत तर चौदा वर्षांच्या मार्कशीटा खोट्या पडत होत्या, आणि प्राचार्यांचा स्वतःचा मुलगा एकोणीस लिहूनच इंजिनियर झाला होता. तेव्हा असं ठरलं की एकोणीसवाले चौघेही पास, अकरावालीही पास, आणि कागदावर काही येऊ द्यायचं नाही. कागदावर आला तो फक्त मामांचा मेमो, 'काचसामानाच्या सफाईत निष्काळजीपणा' असा. त्या मेमोला टाचून फाइल परत आली.

पुढच्या महिन्यात अस्सल एरंडेलाचा डबा आला. निकाल घ्यायला आलेल्या मुलीला मामांनी थांबवून घेतलं, आणि बापलेकीने मिळून गोळी टाकली. पंधरा. आणखी दोनदा टाकली, पंधराच.

"बाबा, मग एकोणीस आले कुठून?"

"देव जाणे," मामा म्हणाले. पोरगी खो खो हसली. परीक्षेपासून ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. मामांनी चष्मा काढून उगीचच पुसला.

नव्या वर्षाची मुलं येतात आणि विचारतात, मामा, किती? मामा म्हणतात, टाकून बघा. प्रमोशन हुकल्यापासून मामा भारीच भाव खायला लागलेत, असं म्हणत मुलं जातात आणि गेल्या वर्षीच्या जर्नलातून एकोणीस उतरवून घेतात.